साहेबांचा टायगर आणि पाणीवाल्या बाई

कुणी तोंड सोडलं की बाई पाठ फिरवायच्या. पदर खोचायचा, हाताची घडी घालायची आणि भिंतीकडे बघत उभं राहायचं. समोरचा थकला की वळून विचारायच्या, "झालं? आता बोला."

हे त्या सगळ्यांशी करायच्या. शेजारणीशी, आमच्या हेडक्लार्कशी आणि एकदोनदा माझ्याशीही.

ऐंशी सालानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मी कुरखेड्याला एका सरकारी ऑफिसात कारकून होतो. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. बाई तिथे पाणी भरायच्या. अकरा वर्षं भरत होत्या आणि अकरा वर्षं 'तात्पुरत्या' होत्या. सरकारात तात्पुरतं तेवढंच टिकतं. जवळच्या बौद्ध वस्तीत त्या एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेलेला, लेक लग्न होऊन गोंडपिपरीकडे. लहानपणी बापाबरोबर जंगलात शेळ्या राखल्या होत्या, आणि शेळ्या राखायच्या म्हणजे आधी कुत्री राखायची.

अशा ऑफिसात पुण्याहून नवे साहेब आले. बरोबर मॅडम आणि एक पांढराशुभ्र पामेरियन. मूल नव्हतं, त्यामुळे सगळे लाड त्या कुत्र्याच्या वाट्याला. जिथे खरे वाघ फिरतात त्या मुलखात त्याचं नाव टायगर ठेवलं होतं. वजन केलं असतं तर भरलं असतं फार तर दोन कोंबड्यांएवढं.

टायगर येणाऱ्याच्या अंगावर उडी मारायचा. मॅडम म्हणायच्या, "प्रेमळ आहे हो!" तो पोस्टमनला चावला. "खेळतोय." माझ्या घोट्याला चावला तेव्हा साहेबांनी मला समजावलं, की मी घाबरलो म्हणून तो चावला. घोट्याच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त केली. तुम्हीही असे साहेब पाहिले असतील, आणि अशा दिलगिऱ्याही व्यक्त केल्या असतील.

मग नागपूरहून वरिष्ठ तपासणीला आले. साहेबांच्या बंगल्यावर जेवणाच्या वेळी टायगर त्यांच्या मांडीवर चढला. सगळे म्हणाले, काय गोड आहे! गोड प्राण्याने त्यांचं बोट फोडलं. त्या काळी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. प्रत्येक सुईबरोबर साहेबांची बढती हातभर लांब गेली.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी ऑफिसला लागूनच असलेल्या बंगल्याच्या अंगणात ड्रायव्हरला हुकूम दिला, "नदीपलीकडे जंगलात सोडून ये याला." मॅडम दारात रडत होत्या. प्रेमळ टायगर अचानक 'याला' झाला होता. आम्ही सगळे ऑफिसच्या खिडकीत, अर्थातच कामात.

बाईंनी डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"साहेब, जंगलात दोन घंटे नाई टिकन थो. बिबट खाईन."

"मग मी काय करू?"

"एक महिना द्या."

"घेऊन जा. कायमचा घेऊन जा."

"मी नेत नाई. मीच रोज सकाळी येतो इथी. कुत्र्याचं काई बिघडलं नाई. शिकवाचं तुमाले हाय."

साहेब ओरडले, चांगली पाच मिनिटं ओरडले. बाई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मग वळल्या. "झालं? उद्या सातले येतो."

मी रोज सकाळी सह्यांच्या फायली घेऊन बंगल्याच्या व्हरांड्यात थांबत असे, म्हणून ती शाळा मला फुकटात बघायला मिळाली.

पहिला धडा उडीचा. "थो उडी मारते, तुमी उचलून घेता. मंग थो उडी नाई मारन तं काय करन? पाठ फिरवा. चारी पाय जमिनीवर आले का मंग हात लावा." टायगर पँट ओढतो आहे आणि राजपत्रित अधिकारी भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हे दृश्य आपल्या लोकशाहीत फार थोड्यांच्या नशिबी येतं.

दुसरा धडा चावण्याचा. दात लागला की खेळ बंद. उठायचं, आत जायचं, दार लावायचं. मारायचं नाही, रागवायचंही नाही.

तिसरा गालिचावरच्या मुताचा. मॅडम वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारत. "पेपरनं मारून काय समजन त्याले? थो समजन पेपर वाईट हाय." हे टायगरला आधीच समजलं होतं, रोजचा अंक तो फाडायचा. "जेवला का बाहेर न्या. जागा एकच ठेवा. तिथी केलं का शाबास म्हना."

चौथा उंबरठ्याचा. दार उघडलं की टायगर गोळीसारखा सुटायचा. दार उघडायचं, हळू आवाजात 'थांब' म्हणायचं, तो बसला तरच बाहेर. मॅडमचं 'थांब' बाजारापर्यंत ऐकू जायचं, फक्त टायगरला जायचं नाही.

"ओरडू नका बाई. थो समजते, तुमीबी भुकून राह्यल्या."

मॅडम हसल्या. त्या घरात आल्यापासून मी त्यांना प्रथमच हसताना ऐकलं. त्यानंतर त्या रोज सातला बाईंसाठी चहा करून ठेवू लागल्या, आणि दोघी पायरीवर बसून पिऊ लागल्या.

एकदा मी बाईंना म्हटलं, "कुत्रा सुधारला. साहेबांचं काही करा."

"त्याले तुमीच बिघडवलं, बाबू. थो ओरडला का तुमी फायली घेऊन पळता. मंग थो काऊन नाई ओरडन?"

नोकरीत मी दोन प्रशिक्षणं केली होती, दोन्ही प्रमाणपत्रांसह. त्यांत हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेब ओरडले तेव्हा मी खुर्चीत बसून वीस आकडे मोजले. दोन दिवस फार वाईट गेले. पाचव्या दिवशी आतून आवाज आला, "जरा येता का?" हेडक्लार्कने पान थुंकायचं सोडून गिळलं.

महिना संपत आला होता. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मॅडमनी मागचं दार उघडलं. टायगर पुढे झाला. त्याच क्षणी त्यांना विहिरीजवळ काहीतरी दबलेलं दिसलं. बिबट. दहा पावलांवर. त्यांच्या तोंडून हळूच निघालं, "थांब." टायगर उंबरठ्यावर बसला. थरथरत होता, पण बसला. मॅडमनी त्याला मागच्या मागे ओढून दार लावलं आणि तिथेच खाली बसल्या. सकाळी विहिरीजवळच्या चिखलात पंजे सगळ्यांनी पाहिले.

मॅडमनी रडत रडत सगळं बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग, थांबल्यावर त्याले शाबास म्हनलं का नाई?"

"नाही हो. मी इतकी घाबरले होते..."

"मंग आता म्हना."

मॅडम खाली बसल्या आणि त्या चिमुकल्या डोक्यावर हात ठेवून 'शाबास' म्हणाल्या. बाई घागर उचलून विहिरीकडे गेल्या. परतल्या तेव्हा घागर अर्धीच भरलेली होती आणि डोळे लाल होते. मी फायलीत डोकं घातलं.

दीड वर्षाने साहेबांना बढती मिळाली. जाताना त्यांनी बाईंना कायम करण्याची शिफारस लिहिली. वरून उत्तर आलं, वयोमर्यादा ओलांडली आहे. ती ओलांडेपर्यंत बाईंना कायम करण्याचा जुना प्रस्ताव माझ्याच टेबलाच्या खणात होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साहेब गेल्यावर बाई बंगल्यावरून येईनाशा झाल्या. तलावाच्या पाळीवरून लांबचा वळसा घेऊन यायच्या.

"काऊन बाई? इकडून जवळ पडते," मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पाय मोकळे होते," त्या म्हणाल्या.

नंतर माझी बदली मुलचेऱ्याला झाली. तिथेच तापाने त्या गेल्याचं कळलं. हिवताप म्हणे. मातीला जाता आलं नाही. रजा शिल्लक होती, मी मागितली नाही.

बदलीच्या सकाळी मी एसटीच्या खिडकीतून त्यांना शेवटचं पाहिलं होतं. तलावाच्या पाळीवरून चालल्या होत्या, डोक्यावर घागर. मागे गावातली चार मोकाट कुत्री, एका रांगेत, अंतर ठेवून. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. पाळ संपली तिथे बाई थांबल्या, तशी ती चारीही थांबली. बाईंनी कमरेच्या पिशवीतून भाकरी काढून चार तुकडे केले. तेवढ्यात गाडीने वळण घेतलं.