मोठ्या बाबांची ऑटोमॅटिक पिकअप

गिअरबॉक्स मोठ्या बाबांनी मारला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी गाडीला किंवा मला बोल लावणार नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. कोंढ्याच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, पहिलाही त्यांचाच. अशा माणसाच्या हाती ऑटोमॅटिक गाडी दिली की किस्से जमवावे लागत नाहीत. तलावाच्या पारीवर मित्र भेटले की आधी हेच विचारायचे, "बोल बे, या हप्त्यात काय केलं?"

गाडी घ्यायचं कारण मात्र खरं होतं. मोठ्या बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं संपलं. एसटीची पायरीही चढवेना. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, नाकाडोंगरीला दिलेली. आम्ही भंडारा जिल्ह्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला. कोणी नेलं तर ते जायचे, नाही तर अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी तेव्हा पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडून गॅरेजात लागलो होतो. मीच म्हटलं, क्लच नसलेली पिकअप घ्या. नागपुरातून जुनी आणली. नीट वापरली तर तीन लाख किलोमीटर जाईल, असा शब्दही मी दिला. त्यातलं "नीट" कोणी ऐकलं नाही.

*

पहिला दिवस. मोठे बाबा सीटवर बसले, खाली वाकून पाहिलं.

"क्लच कुठी हाये बे?"

"नाही आहे. म्हणूनच तर घेतली."

"मंग पैसे पूरे काहून देल्ले?"

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर त्यांच्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. क्लच नव्हता, ब्रेक होता. बाजूला बसलेल्या माझ्या बाबांचं कपाळ काचेला लागलं. मोठे बाबा त्यांनाच म्हणाले, "सरळ बसत जाय ना."

*

मळणी झाल्यावर धानाची पोती गाडीत भरली. मी मोजली आणि गाडीखाली वाकून पाहिलं. स्प्रिंगचे पाटे बसून सरळ झाले होते.

"मोठे बाबा, गाडीले झेपणार नाही."

"घरचाच धान हाये, त्याचं काय वजन?"

शेताबाहेर येता येता गाडी चिखलात फसली. मी ट्रॅक्टर आणायला गेलो. परत आलो तर मोठे बाबा लिव्हर पुढे-मागे हलवत होते. पुढचा गिअर, मागचा गिअर, पुढचा, मागचा, आणि पाय अॅक्सिलरेटरवरून निघतच नव्हता. करपल्याचा वास बांधावरूनच आला. मी धावत जाऊन चावी काढली.

"काहून बंद केली? आता निंगतच होती."

निघत खरंच होती. गाडी नव्हे, गिअरबॉक्समधल्या तेलाची वाफ.

*

गाडी दुसऱ्या दिवसापासून गिअर टाकताना झटका द्यायला लागली. मी म्हटलं, तेल बदलतो. माझ्यावर विश्वास कसा ठेवणार? मी शिक्षण सोडलेला. म्हणून लाखांदूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. ते गाडीखाली न वाकताच बोलले.

"हा सीलबंद डब्बा हाये. यात जिंदगीभर तेल बदलाव लागत नाई."

मी विचारलं, "कोणाच्या जिंदगीभर?"

"गाडीच्या."

"अन् गाडीची जिंदगी किती?"

"तेल खराब होयेपर्यंत."

हे ऐकून मोठे बाबा माझ्याकडे वळले. "पाय, याले म्हनतात अनुभव."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. शेवटी ते लग्नाला गेल्यावर मी घरीच तेल काढलं. लाल असायला हवं ते काळंभोर निघालं, तळाशी धातूचा चुरा. नवं तेल आणि नवं फिल्टर टाकलं, तेल थंड करायला पुढे एक जादा कूलर बसवला. झटका गेला. मोठे बाबा आले, एक चक्कर मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "माया हात बसला आता गाडीवर."

*

मी डॅशबोर्डवर कागद चिकटवला. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. उतारावर न्यूट्रल करायची नाही. उभी करताना आधी हँडब्रेक, मग पार्किंग.

आठ दिवसांनी पाहिलं तर त्यावर गणपतीचा फोटो.

"कागद कुठं गेला?"

"खाली हाये ना. आता डबल सुरक्षा."

*

पण एक दिवस ते खरंच एकटे नाकाडोंगरीला गेले. तिकडून ताईचा फोन आला. बोलायच्या आधी ती रडलीच. मग म्हणाली, "बाबा आलेत. पन गाडीतून उतरूनच नाई राहिले."

मी घाबरलो. "काहून? गुडघा?"

"नाई रे. मामंजी बाहेर येऊन पायतील, की गाडी कोनं चालवली, तवा उतरीन म्हनतात."

त्यानंतर दर महिन्याला जायचे. तांदळाचं एक पोतं आणि ते.

*

आणि मग तो दिवस. मोठ्या बाबांनी ताईच्या दारात चावी लावून दुपारभर गाडीत भजनं ऐकली. बॅटरी बसली. ताईने मला फोन केला.

"ढकलू नका, ओढू नका," मी म्हटलं. "लिव्हर पार्किंगमध्ये आहे, मागची चाकं आतून लॉक आहेत. आणि इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचं तेल फिरत नाही, कोरडा जळतो. मी बॅटरी घेऊन येतो. मोठ्या बाबांना फोन दे."

मोठ्या बाबांना सगळं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "हाव हाव."

"हाव" म्हणजे हो; पण आमच्या घरात "हाव हाव" म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं.

बाइकला बॅटरी बांधून निघालो. भंडारा झालं, तुमसर ओलांडलं, आणि समोरून एक ट्रॅक्टर येताना दिसला. मागे दोरखंड. दोरखंडाला आमची पिकअप. स्टिअरिंगवर मोठे बाबा, ताठ बसलेले. मला पाहून त्यांनी खिडकीतून हात हलवला. गाडीच्या मागे रस्त्यावर तेलाची एक ओळ लांबपर्यंत गेली होती.

ट्रॅक्टर थांबला.

"तू कायले आला बापा?" ते म्हणाले. "आनली ना मीनं. पयले अडून बसली होती, चाकं नुसती घासत होती. मंग ट्रॅक्टरवाल्याले म्हटलं, दे जोर. आतून कडाक आवाज आला अन् मोकळी झाली. सारे टाळ्या वाजवून राहिले होते."

नागपूरच्या वर्कशॉपवाल्याने गिअरबॉक्स उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावून टाकलं.

मोठे बाबा त्यानंतर नाकाडोंगरीला गेलेले नाहीत.