रेडिओचं तोंड तेच ठेवा

बाळकुमला बाबांची गाडी जिथे उभी असते, तिथे आधी आमची भाताची खाचरं होती. आता तिथे बावीस मजले आहेत. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये बाबा माझ्या भावाकडे राहतात आणि गाडी खाली पार्किंगमध्ये, खांबाला चिकटून, ताडपत्रीखाली असते. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे एकच सलग सीट, जाड पत्रा. मी चौथीत असताना बाबांनी ती कल्याणच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्याआधी आमच्या आळीत चार चाकांचं काही आलं तर तो मीठ भरायला आलेला ट्रक असायचा.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. गाडी चालवणं थांबलं, तरी ते रोज संध्याकाळी काठी टेकत खाली जायचे, ड्रायव्हरच्या जागी बसायचे आणि रेडिओ ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी रेडिओ बंद पडला. त्यानंतर त्यांचं खाली जाणंही बंद झालं. भाऊ म्हणाला, "देऊन टाकू. जुन्या गाड्यांचे शौकीन असतात, जपतील तरी." मी त्याला थांबायला सांगितलं, कारण त्याच आठवड्यात मला एक कॅसेट सापडली होती.

आय, म्हणजे माझी आई, जाऊन सहा वर्षं झाली. तिचं कपाट मी एकदाच रिकामं केलं होतं. उरलेली एक पत्र्याची पेटी माझ्याकडे कोपरीला आणून माळ्यावर टाकली होती. ती उघडली तर आत तिच्या दोन नऊवारी, जायफळाची डबी आणि ही कॅसेट. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: खडवली.

आय धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी असतो, पण त्याच्या बरोबरीचं काम धवलारणीचं. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिने म्हणायचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. बाजाची पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता गळा. मी नववीत असताना एकदा ती खडवलीच्या लग्नाला धवले म्हणायला निघाली होती. बाबा गाडी चालवत होते आणि ती शेजारी बसून रस्ताभर धवला घोळवत होती, म्हणजे मांडवात मधलं कडवं सुटायला नको. मी मागे, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू आमच्याकडे नाही.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. तिथल्या कपाटात एक जुना प्लेअर पडून होता. कॅसेटमधली स्पंजची बारीक पट्टी गळून गेली होती, ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवली आणि सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. सुरुवातीला इंजिनाची घरघर, मग आय खाकरली. आवाज आहे एवढी खात्री झाली आणि मी हेडफोन काढून ठेवला. पुढचा तास नववी ब चा होता आणि त्यांना आम्ल-आम्लारीचा प्रयोग करायचा होता.

माझं ठरलं ते तेव्हाच. बाबांना हे ऐकवायचं. मोबाइलवर ऐकवून उपयोग नव्हता, त्यांना मोबाइलमधला माणूस डासासारखा ऐकू येतो. गाडीत काचा बंद केल्या की मात्र त्यांना नीट ऐकू यायचं. म्हणजे गाडीतला रेडिओच पुन्हा उभा करायचा, आणि आय त्यातून बोलली पाहिजे.

चौकशी करता करता कल्याण पूर्वेचा एक कारागीर मिळाला. चाळिशीचा माणूस, हळदीच्या कार्यक्रमांना लागतात ते मोठाले स्पीकर बांधणारा. "डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत हळदीला ज्या खिडक्या हलतात ना ताई, त्यातल्या निम्म्या आपल्यामुळे," असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. मी गाडी स्वतः चालवत घेऊन गेले होते. कशेळी, काल्हेर, कोनगाव, सगळा रस्ता अवजड वाहनांचा. टेम्पोवाले वाकून वाकून बघत होते. त्यानेही गाडीभोवती एक फेरी मारली, डॅशबोर्डमधल्या रेडिओवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हे काढून टाकू. इथे सात इंची स्क्रीन मस्त बसेल. मागचा कॅमेरा पण येईल."

"इथे बसणाऱ्याला दिसत नाही."

"म्हणजे? आता कोण चालवत आलं?"

"मी. पण बसणार माझे वडील. त्यांना हाताने कळतं सगळं. रेडिओचं तोंड तेच ठेवा. दोन खुंट्या, पाच बटणं, जागा त्याच. आत काय घालायचं ते घाला."

त्याने माझ्याकडे बघितलं. "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दिसायला सेम ठेवायचं."

"हो."

"असं काम पहिल्यांदाच आलंय. ठेवून जा गाडी."

मी दर दोन दिवसांनी जाऊन बघत होते. त्याने रेडिओ आतून पूर्ण पोखरला. पितळी रंगाची चौकट, पिवळी पडलेली पाच बटणं आणि काच तेवढी ठेवली. आत नवा सर्किट बोर्ड. पेनड्राइव्ह लावायची जागा हातमोजे ठेवायच्या कप्प्यात मागच्या बाजूला. अँप्लिफायर सीटखाली. समोरच्या मूळ जाळीमागे एक स्पीकर आणि दोन मागच्या काचेजवळच्या फळीखाली, वर पुन्हा तेच कापड ओढून. दरवाजाच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही असं मी बजावलं होतं. त्याने पाडलं नाही. काचेमागचा पिवळा दिवासुद्धा चालू केला. मी म्हटलं, "हा कशाला? बघणार कोण?" तर म्हणाला, "असू द्या. नाहीतर मला काम अर्धवट वाटतं."

आवाज तपासायला त्याने आधी त्याच्या धंद्यातलं हळदीचं गाणं लावलं. माझ्या बरगड्या हलल्या.

"कसं वाटतंय?"

"ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना नाचायचं नाही."

"सवय लागलीय ताई. लोक आले की पहिलं छातीवर हात ठेवून बघतात, आवाज लागतो का."

मग मी माझा पेनड्राइव्ह लावला. आय सापडेनाच. त्याने खालचा आवाज, म्हणजे बास, इतका चढवून ठेवला होता की टेपमधल्या त्याच आमच्या गाडीचं इंजिन सगळीकडे भरून राहिलं आणि आय त्याच्या मागे कुठेतरी, भिंतीपलीकडे असल्यासारखी. तो खाली वाकून बारीक स्क्रू फिरवायला लागला. घरघर उतरत गेली, तसतशी आय पुढे आली. पहिली ओळ. मग मध्येच एक पुरुषी आवाज, दणकट: "काच वर घे गो, वारा खातं तुझा आवाज." आणि आय, गाणं न सोडता, सुरातच: "तुमी समोर बघा."

"हा कोण?" त्याने विचारलं.

"तेच. माझे वडील."

"आणि गाणाऱ्या?"

"आई."

त्याने हात पुढे करून बंद केलं. "बाकीचं तुम्ही घरी जाऊन ऐका," म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर पुसत बसला. तो एवढंच बोलला म्हणून मला त्याच्याबद्दल बरं वाटलं.

रविवारी बाबांना खाली आणलं. ते ड्रायव्हरच्या जागी बसले, स्टिअरिंगवरून हात फिरवला, मग डावा हात न चाचपडता सरळ डावीकडच्या खुंटीवर गेला. खुंटी फिरवली. फिरवतच राहिले.

"बाय, याला टोक नाय."

"म्हणजे?"

"आपला रेडिओ पयला टक करतं, मंग वाढतं, मंग थांबतं. हा नुसता फिरतंय." त्यांनी हात काढून घेतला. "माझा रेडिओ कनी नेला?"

चूक माझीच होती. तोंड तेच ठेवा म्हटलं आणि डोळ्यांनी तपासून घेतलं. हल्लीच्या खुंट्या गोल गोल कितीही फिरतात, त्यांना सुरुवात नसते आणि शेवट नसतो. मी उलट फिरून पुन्हा कल्याण गाठलं. कारागिराने काढलेलं सगळं सामान बिस्किटाच्या डब्यात ठेवलं होतं. "जुनं टाकत नाही मी," म्हणाला. त्यातला मूळ व्हॉल्यूम कंट्रोल शोधला, स्पिरिटने धुतला आणि नव्या बोर्डाला त्याचीच जोडणी केली. मी डोळे मिटून फिरवून बघितला. टक. मग वाढत जाणारा आवाज. मग थांबा.

पुढच्या रविवारी बाबांनी फिरवला आणि "हां" म्हणाले. रेडिओवर कुणी डॉक्टर मधुमेहींनी आंबा किती खावा ते सांगत होते. बाबांनी मान मागे टेकली. दोन वर्षांनी ते त्या सीटवर असे बसले होते. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी वाकून पहिलं बटण दाबलं, पेनड्राइव्हचं.

इंजिनाची घरघर. आयचं खाकरणं. पहिल्या ओळीचे चार शब्द.

टक.

"कनाचं लगीन हाय?" बाबांनी विचारलं. हात अजून खुंटीवर होता.

"कुणाचं नाही. तुम्हाला ऐकवायला लावलं. आय आहे."

"आय हाय ते कललं मना. घरान लगीन नाय न धवला लावतंस? ती असती त काय बोलली असती तुना?"

काय बोलली असती ते मला माहीत होतं. एकदा कॉलेजातल्या एक बाई अभ्यासासाठी धवले टिपून घ्यायला वही घेऊन आल्या होत्या. आयने त्यांना चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, नवऱ्याची, मुलांची चौकशी केली आणि धवल्याचं विचारल्यावर म्हणाली, "मांडव घाला, मंग येतंय." लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, हे मी लहानपणापासून बघत आले. आम्ही पोरी खेळात म्हणायला लागलो तरी ती हातातलं काम टाकून ओरडायची. आणि तीन महिने मी फ्यूज किती अँपियरचा, वायर किती जाडीची याचा विचार केला, याचा एकदाही केला नाही.

"पण बाबा, ती गाडीत म्हणत होती तेव्हा तुम्ही होतात ना शेजारी? तेव्हा कुठे मांडव होता?"

"तवा खडवलीला लगीन होता. आमी लगनाला चाललेलो."

मी विचारलं, "मग ऐकणार कधी?"

"पोरीचं ठरव तुझ्या." आणि पुन्हा टक करून त्यांनी आंब्यावाल्या डॉक्टरांना बोलावलं.

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, डोंबिवलीला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. लग्न करायचं नाही हे तिने मला गेल्या दिवाळीत नीट समोर बसवून सांगितलंय आणि मी ते मान्य केलंय. भावाच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा आय होती. घरात आता दुसरं कुणी नाही. रात्री फोनवर मुलीला सगळं सांगितलं तर ती हसली.

"आजोबा ब्लॅकमेल करतायत मला."

"अगं, ते काहीच मागत नाहीयेत. तोच तर त्रास आहे."

"मग करू का लग्न? एका गाण्यासाठी?"

"नको."

"नक्की ना? नंतर म्हणशील."

"नक्की."

"मग हळूच लाव ना. त्यांना कुठे दिसतंय."

"ऐकू येतं ना पण. सगळा खटाटोप त्यासाठीच केला."

गाडी आठवड्यातून एकदा सुरू केली नाही तर बॅटरी उतरते, म्हणून मी दर रविवारी बाळकुमला जाते. इंजिन वीस मिनिटं चालू ठेवते. बाबा बसतात, मी शेजारी. कधी बातम्या, कधी कुणाची तरी मुलाखत. पहिल्या बटणाकडे दोघांपैकी कुणी हात नेत नाही.

मी असलं काही पाळणारी बाई नव्हे. मी शनिवारी केस धुते, अमावास्येला प्रवास करते. फाइल माझ्या मोबाइलमध्येही आहे, कानात घालून कोपरीच्या पुलावरून चालत ऐकता येईल, बाबांना कळणारही नाही. दोनदा तसं करायला गेले. दोन्ही वेळा नाव स्क्रीनवर आलं, खडवली, आणि मी फोन पर्समध्ये टाकला. तिच्या हयातीत मी तिला कधी मांडवाबाहेर गायला लावलं नाही. ती नाही म्हणायला जागेवर नाही, तेव्हा लावणं मला जमेना. पण ऐकायची इच्छा जात नाही. भाजी चिरताना, शाळेत बाटल्या धुताना ते चार शब्द येतात आणि पुढचं कडवं आठवत नाही. मी ते कधी शिकलेच नाही. आपल्याला कुठे धवलारीण व्हायचंय, असं तेव्हा वाटायचं.

गेल्या रविवारी जाहिराती चालू असताना बाबांनी मान न वळवता विचारलं, "त्यान हाय ना ती?"

"आहे."

"सगला धवला हाय? नवरी निघते तवरचा?"

"सगळा आहे बाबा."

त्यांनी मान हलवली आणि आवाज थोडा वाढवला.

हे मी बोलून गेले खरी, पण मला माहीत नाही. कॉम्प्युटर लांबी एकोणतीस मिनिटं दाखवतो. त्यात आय किती आहे आणि नुसती गाडी किती, धवला नवरी निघेपर्यंत पोचतो की मध्येच टेप संपते, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही.