शनिवारचा वर्ग आणि माझे थोरले दीर

माझ्या थोरल्या दिरांइतका समोरच्याचा अंत पाहणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. सातपूरच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. हे माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या मागे लागले. मुक्ता तेव्हा पंधरा वर्षांची. तिचे पाय आणि जीभ जन्मापासूनच तिचं ऐकायला वेळ लावतात. वॉकर धरून चालते, एका वाक्याला अर्धं मिनिट घेते. तेवढा धीर कोणाला नसतो, म्हणून तिच्या वतीने मीच बोलायचे. एकदा भाऊजींनी तिला विचारलं, "चहा घेणार?" मी म्हटलं, "घेईल, पण अर्धाच." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुला विचारलं का?" आणि स्वतःच्या चहावर साय धरेपर्यंत उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं, "कॉफी."

मग त्यांनी इंदिरानगरात सोसायटीच्या हॉलमध्ये अशा दहा-बारा मुलामुलींचा शनिवारचा वर्गच काढला. चारच्या ठोक्याला हजेरी. पोहे मुलांनीच भिजवायचे, सांडले तर मुलांनीच पुसायचे. आणि "आयांनी सहापर्यंत हॉलच्या आसपास दिसायचं नाही!" आम्ही पार्किंगमध्ये बसून आत काय पडलं याचा कानोसा घ्यायचो. पंधरा वर्षांनी दोन तास हात मोकळे झाले, तर त्यांचं करायचं काय तेच कळेना. आधी एकमेकींना औषधांची नावं सांगितली, मग सासूची गाऱ्हाणी. तिसऱ्या महिन्यात एकीने सिनेमाची तिकिटंच आणली.

कहर झाला तो बसच्या दिवशी. मुलांना कारखाना दाखवायचा, तोही शहर बसने जाऊन! मी विरोध केला, रडले, अबोला धरला. "तू घरी थांब," एवढंच ते म्हणाले. मी रिक्षा केली आणि म्हटलं, "त्या बसच्या मागे घ्या."

"कोन पळालं का ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

सातपूरला बस थांबली. उतरताना मुक्ताचा पाय घसरला आणि ती फुटपाथवर पडली. मी रिक्षातून उडी टाकली. भाऊजी तिच्या शेजारीच उभे होते, हात मागे बांधून. वाकले नाहीत. मी ओरडणार, तेवढ्यात मुक्ताचा आवाज आला. डबा घेऊन शिफ्टला निघालेल्या एका अनोळखी बाईला ती म्हणत होती, "ताई... हात... द्या." त्या बाई थांबल्या, पूर्ण ऐकून घेतलं, हात दिला. मुक्ता उठली, ड्रेस झटकला आणि मला बघून चिडली, "तू... का... आलीस?"

त्या संध्याकाळी मी भाऊजींना नको नको ते बोलले. मनाचा दगड आहे म्हटलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "ती पडली तेव्हा हात पुढे गेला होता गं माझा. कसा मागे घेतला, माझं मला ठाऊक."

पुढे सात वर्षं त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही, आणि मी त्यांच्याशी भांडण चुकवलं नाही. आता ते नाहीत. मुक्ता एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते, वर्ग आम्ही आयाच चालवतो. सगळं सुरळीत चाललंय. फक्त एवढ्या हक्काने भांडायला माझ्याकडे कोणी उरलेलं नाही.