शाळेतली न घेतलेली सुई

केळव्यात कुणाच्या पोराच्या अंगावर लाल पुरळ उठलं, की डॉक्टरच्या आधी मंदाला बोलावणं जायचं. पुरळ म्हणजे आमच्याकडे बाया आल्या. बाया म्हणजे देवीच. तिला औषध दाखवायचं नाही, तिचा मान करायचा. मंदा कडुलिंबाचा पाला अंथरून पोराला त्यावर बसवायची आणि आळीतल्या पोटुशा बायकांना बोलावून त्याच्यासमोर त्यांची ओटी भरायची. बायांची नजर पडली की पोटातलं पोर धडधाकट निपजतं, हा तिचा दावा. बाईची जीभ कोयत्यासारखी. वाडीतले गडीसुद्धा तिला उलट बोलत नसत.

तिची लेक भाविका नववीत होती तेव्हा शाळेत गोवर-रुबेलाची सुई आली. त्या सुईने पोरी वांझ होतात, असं कुणीतरी मोबाइलवर धाडलं. मंदाने त्या दिवशी भाविकाला सुपाऱ्या सोलायला घरी ठेवलं. पुढे भाविकाचं लग्न झालं. नवरा कुशल बोईसरच्या कारखान्यात, राहायला भाड्याची खोली. सहा महिन्यांत दिवस गेले.

दुसऱ्या महिन्यात ती माहेरी आली, आणि शेजारच्या गोजराबाईच्या नातवाला बाया आल्या. गावची आशा सेविका तेजल दारोदार पोटुशींना विचारत फिरत होती, सुई घेतलीय का. नसेल तर त्या घरात पाऊल टाकू नका. मंदाला वाटलं, खरं सांगितलं तर तेजल चारचौघांत बोल लावणार, वर लेकीची ओटी राहणार.

"घेतलीय," मंदा म्हणाली. "मीच नेली व्हती."

भाविका खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी मंदाने गोजराबाईचा नातू भाविकाच्या मांडीवर बसवून तिची आणि आळीतल्या आणखी दोघी पोटुशींची ओटी भरली.

पंधरा दिवसांनी भाविकाला कणकण आली, कानामागे गाठी, तोंडावर बारीक पुरळ. तीन दिवसांत ओसरलं. मंदा हरखली, बाया लेकीच्याच अंगी आल्या म्हणून. तेजलला मात्र कळू दिलं नाही.

पालघरला मुलगा झाला. एका बुबुळात पांढरं, काळजाला भोक. सुरुवातीच्या महिन्यांत पुरळ उठलं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मंदा नाय म्हणाली. भाविका जन्मात पहिल्यांदा आईच्या वर बोलली, "उठलेलं. आनि सुई घेतली नव्हती."

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश समजावलं. हा रुबेला. मोठ्यांना तीन दिवसांचा ताप, पोटातल्याला जन्माचा. लग्नाआधी सुई घेतली असती तरी टळलं असतं. दिवस गेल्यावर ती देता येत नाही. म्हणून तर गावातल्या झाडून साऱ्या पोरांना टोचतात. रोगच फिरला नाही की पोटुशी वाचते.

तेजलने मग त्या ओटीला बसलेल्या दुसऱ्या दोघींचं रक्त तपासून घेतलं. दोघींच्या अंगात सुईचं बळ होतं, दोघींची पोरं धडधाकट. त्यांच्या आयांनी त्या दिवशी त्यांना शाळेत धाडलं होतं, एवढंच.

कानांच्या तपासणीचा कागद आला तेव्हा पोर चार महिन्यांचं होतं. दोन्ही कान गेलेले. मंदाला ते पटेना. ती बोईसरला खोलीवर गेली आणि पाळण्याशी बसून टाळ्या वाजवत राहिली, बाळ्या, ए बाळ्या, आजी आली रे. दुपारभर तेच. पोर वरच्या पंख्याकडे बघून हसत होतं. भाविका लंगोट पिळत होती. तिने मागे न वळताच सांगितलं,

"आये, हाका मारू नको. त्याला ऐकू येत नाय. मला येतं."