संघपालच्या गोदामातली दुपार

संघपालचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. कामठी रोडपासून आत त्याचं भाड्याचं पत्र्याचं गोदाम. एरवी खुर्च्या, गाद्या, कनातींमुळे तिथे पाय ठेवायला जागा नसते. लग्नाची तिथी असली की सगळा माल बाहेर जातो आणि गोदाम रिकामं होतं. त्याच दुपारी तिथे आमची माणसं जमतात. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया, आणि आपलं शरीरच ज्यांना परकं वाटतं असे काही. लग्नाला चाललो म्हणून सांगितलं की घरून नटूनथटून निघता येतं, कोणी विचारत नाही. संघपाल झरोक्यांना काळं कापड लावतो, लाइटच्या माळा सोडतो, स्पीकर सुरू करतो, आणि भर दुपारी रात्र होते. दिवेलागणीच्या आत सगळे आपापल्या घरी.

खड्या गमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, लुगडं नेसून नाचण्यात माझी उमर गेली. इथे पोरं मला आजी म्हणतात, मिशीसकट. मी फड पुष्कळ पाहिले, पण असा दिलदार मालक पाहिला नाही. सगळ्यांना पाणी तोच फिरवतो, स्वतः मात्र नाचत नाही. विचारलं तर म्हणतो, मंडपवाला नाचला तर खांब कोण पाहीन?

यंदा जागामालकाने गोदाम विकलं. हा शेवटचा हंगाम. तेवढ्यात हिमानी आली, मुंबईची चित्रकार मुलगी, अशा जागांवर फिल्मा करणारी. संघपालने हौसेने होकार दिला आणि एकच अट घातली. चेहरे दाखवू नको, पण दुपार दाखव. ही अट कशासाठी, हे त्याने प्रीतीकडे बोट दाखवून समजावलं. प्रीती खापरखेड्याच्या कॉलनीतून येते, संध्याकाळच्या बसने परत जाते. तिच्यासारख्या सावनेरला, भिवापूरला किती असतील! त्यांना रात्री घराबाहेर कोण सोडणार? आपलं दुपारीही जमू शकतं, एवढंच त्यांना दिसायला हवं होतं.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती गोदामातच, हंगामाच्या शेवटच्या तिथीला. पांढरी चादर ताणली, आम्ही सतरंजीवर बसलो. चादरीवर निळी-काळी रात्र उमटली. धूर, सावल्या, घुंगरांचे पाय. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण प्रीती डबा उघडून सगळ्यांना ठेचा वाढते, ते नव्हतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडतात आणि पोरं त्यांच्यावर पाय ठेवत नाचतात, ते ठिपकेही काळे झाले होते.

संघपालने फिल्म थांबवायला लावली.

"दुपार कुठं गेली वं?"

हिमानी गडबडली. चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून तिने कॉम्प्युटरवर अंधार केला होता. अशा फिल्मा पाहणाऱ्यांना रात्रच खरी वाटते, हेही ती बोलून गेली.

"चेहरे लपवाचे होते," संघपाल म्हणाला. "दुपार नाही."

"रात्रीचं मले जमलं असतं," प्रीती म्हणाली, "त मी इथं आलीच काहून असती?"

फिल्म महोत्सवाकडे पाठवून झाली होती, आता बदल होणार नव्हता. पुन्हा चित्रीकरण करावं तर तिथी संपल्या होत्या, गोदामही जाणार होतं. हिमानीने मान खाली घातली. पोरीने मनापासून राबून केलं होतं, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येईना. आम्ही नुसते धुसफुसत बसलो.

संघपालने तिला फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मग खुर्चीवर चढून त्याने झरोक्यांवरची काळी कापडं एकेक करून ओढून काढली. ऊन आत आलं, चादरीवरची रात्र पुसली गेली, नुसतं गाणं ऐकू येत राहिलं. त्या गाण्यावर तो उन्हात एकटाच नाचायला लागला. वाईट नाचला, ताल सोडून, दात आवळून. प्रीतीने बससाठी निघायला पर्स उचलली होती, ती खाली ठेवली.

हिमानीचा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"राहू दे आता," तो म्हणाला.

बाहेर खुर्च्यांच्या टेम्पोने हॉर्न दिला. संघपालने बाहीने घाम पुसला आणि तो माल उतरवायला गेला.