पट्टा आटला होता

आमचे मामा शिंपी. नजरेनंच कंबर मोजणारे. पण चाळीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला "तुमचं पोट सुटलंय" म्हटलेलं नाही. "कापड आटलंय हो," म्हणायचे आणि अर्धा इंच सैल करून द्यायचे. दुकानात काज-बटणं मी करते, त्यामुळे हे खोटं मलाही तोंडपाठ.

घरच्या बोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता याची भूक वाढेल, पण शरीराची गरज कमी होईल. मोजूनच घाला." मामी शिस्तीची. तिनं एक छोटी वाटी ठरवली, सकाळी एक, संध्याकाळी एक. बोका असा गळा काढायचा, जणू सात जन्मांचा उपाशी. मामी ढिम्म हलत नसे. मामा मात्र विरघळले. दुपारी बोका मशीनखाली येऊन बसायचा आणि मामांच्या डब्यातलं अर्धं अंडं फस्त करायचा. मामा बाहेर गेले की उरलेलं अर्धं मी घालायचे.

सहा महिन्यांत बोक्याचा भोपळा झाला. खिडकीवर उडी मारताना दोनदा पडला, मग तो खिडकीकडे बघेनासाच झाला. मामीनं घाबरून वाटी पाऊण केली, मग अर्धी. तरी वजन वाढतंच. ती रडकुंडीला आली.

शेवटी तिघं त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. "असंच चाललं तर साखर होईल याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जास्त कोण घालतं?"

"माझंच मोजायला चुकत असेल," मामी म्हणाली.

मामा टेबलाची कड वितीनं मोजू लागले. मी टोपलीचं झाकण चाचपत राहिले. काय ती लाज!

वजनासाठी बाईंनी बोक्याच्या गळ्यातला कापडी पट्टा काढून मामीकडे दिला. तिनं तो सहज उलटा केला. बटण अर्धा-अर्धा इंच सरकवलेलं. तीन जागी जुन्या टाक्यांची भोकं, चौथ्या जागी बटण. शिंप्याची बायको ती, तिला काय कळायचं राहतंय?

"हे काय?"

"पट्टा आटला होता," मामा सवयीनं बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. मग खाली मान घालून म्हणाले, "तुझं मोजणं बरोबर होतं गं. मी घालत होतो रोज. बटणही मीच सरकवलं. पोरीला काही माहीत नाही."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. दुकानातली बटणं कोण लावतं, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिनं पट्ट्याची घडी करून तो माझ्या हातात दिला.

उरलेल्या अर्ध्या अंड्याचं काही न सांगता मी बोक्याची टोपली उचलली.