पाणी टाकून द्या

मृत्युलेख लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगते आणि क्षमा मागते. माझी सारी नोकरी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांची पुस्तके लावण्यात गेली. स्वतःचे चार शब्द छापायला पाठवण्याचे धाडस या वयात प्रथमच करते आहे. त्यातही ज्यांच्याविषयी लिहायचे, त्या नात्याने माझ्या विहीणबाई, म्हणजे माझ्या जावयाच्या आई. त्यांना मी जेमतेम तीन वर्षे ओळखत होते. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी किंवा जुन्या मैत्रिणींनी हे लिहायला हवे होते. पण त्यांनी मला उद्देशून म्हटलेले शेवटचे वाक्य मला कळलेले नाही, आणि ते कळल्याशिवाय एक निर्णय घेता येत नाही... म्हणून हे लेखन.

रजनीताई मेश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्याच घरात, त्यांच्या काचेच्या समुद्रापुढे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीपुढे, मी हातात पाण्याचा मग घेऊन उभी होते. जावई सुजात इतकेच म्हणाला, "आई गेली, आई." त्या वाक्यातल्या दोन आया वेगळ्या आहेत, हे उमजायला क्षण लागला. मी 'हो' म्हटले आणि मगातले उरलेले पाणी आधी सावकाश पेटीत ओतून घेतले. हे कुणाला निष्ठुरपणाचे वाटेल. पण त्या घरात ते काम अर्ध्यावर सोडायचे नाही, अशी शिस्त होती, आणि ती शिस्त ज्यांची होती त्यांच्यासाठी त्या घडीला दुसरे काय करावे, ते मला सुचले नाही.

निवृत्तीनंतर एकटी राहू नकोस, असा मुलीचा, मुग्धाचा, आग्रह होता, म्हणून मी नागपूरला तिच्या सासरी राहायला आले. मी अबोल, रजनीताई मोकळ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजारातून सांबार आणायला सांगितले आणि मी सांबार मसाल्याचे पाकीट आणून त्यांच्या हाती ठेवले. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. "विहीणबाई, एवढी पुस्तकं वाचली आन् सांबार नाही वाचला?" त्या म्हणाल्या, आणि ती पाकिटाची हकीकत घरी येणाऱ्या प्रत्येकाला पुढे वर्षभर ऐकावी लागली. मी ओशाळत असे. आता वाटते, माझी ओळख करून देण्याची त्यांची ती रीत होती.

वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत बाष्पकाच्या, म्हणजे बॉयलरच्या, पाण्याची शुद्धता तपासण्यात त्यांची हयात गेली. पाण्यात काही असता कामा नये, हे पाहणे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवले, आता असे पाणी करायचे ज्यात सगळे आहे. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच, सहलीत, बसच्या खिडकीतून पाहिला होता. मी समुद्राच्या काठी जन्म काढला, हे कळल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "मग सोडून काहून आल्या?" लहानपणापासून मी समुद्राला भीत आले, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

पेटी तीन फूट लांबीची होती. ती भिंतीशी समतल बसवणे, शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्राचे मीठ मोजून विरघळवणे, कृत्रिम खडक रचणे, हे सारे त्यांनी स्वतः केले. मी फक्त टॉर्च धरला आणि घरातले मीठ चालणार नाही का, असे एकदा विचारले. त्यावर, "वरण करून राहिलो का आपण?" एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतरचे कितीतरी आठवडे त्या पेटीत पाणी, खडक आणि दिवा यांखेरीज काही नव्हते. डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आधी वस्तीला यावे लागतात, तोवर मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीने मरतो. शेजारणी रिकाम्या पाण्याकडे पाहून हसत. त्या मात्र रोज पाण्याची तपासणी करीत आणि काळजीने ओठ आवळून बसत. मग दोन जोकर मासे आले. कुणा हौशी माणसाने घरच्याच पेटीत वाढवलेला जांभळ्या मऊ प्रवाळाचा एक तुकडा आला. समुद्रातून तोडलेला तुकडा त्यांना चालणार नव्हता. तो तुकडा उमलायला लागला, त्या दिवशी त्यांनी मला झाकण उघडून वाकायला लावले. "तुमच्या समुद्राचा असाच वास येते का? खरं सांगा, मन नका राखू." मी वाकले... ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा तो वास होता. माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिले आणि त्या दिवशी मात्र काहीही चेष्टा केली नाही.

या मे महिन्यात त्यांचा फुप्फुसांचा जुना विकार बळावला. त्यांना दवाखान्यात हलवले, सुजात तिथेच राहिला, मुग्धा नोकरी आणि दवाखाना यांत विभागली गेली, आणि पेटी माझ्याकडे आली. निघताना त्यांनी दाराशी थांबून, दम लागत असताना, सूचना दिल्या. माशांना चिमूटभरच खाऊ घाला. काचेला हात लावू नका. आणि, "निळ्या ड्रममधलं पाणी टाकून द्या, विसरू नका." मी विसरले नाही. गाडी गेल्यावर दुखऱ्या गुडघ्यांनी बादल्या भरभरून तो सगळा ड्रम मी अंगणातल्या जास्वंदीला रिकामा केला आणि जबाबदारी पार पडल्याच्या समाधानात आत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीचे रोहित्र जळाले आणि वीज गेली. पंखा थांबला, पेटीतले पाणी थंड ठेवणारे यंत्र थांबले. बॅटरीवरचा हवेचा पंप तेवढा बुडबुडे सोडत राहिला. बाहेरचे ऊन काचेसारखे टणक झाले होते. मी पेटीजवळ गेले तेव्हा पाण्याची रेषा चांगली दोन बोटे उतरली होती आणि वरच्या खडकाचे टोक कोरडे पडले होते. जांभळे प्रवाळ मिटून सुरकुतले होते. जोकरांपैकी एक तळाशी कलून श्वास घेत होता. मी सुजातला फोन केला, तो उचलला गेला नाही. पुन्हा केला. मग मनात आले, तो अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा असेल, आणि माझा फोन वाजला की त्याला वेगळीच भीती वाटत असेल... मी फोन खाली ठेवला.

पाणी घालायला हवे, हे दिसत होते. पण कोणते? नळाचे पाणी या पेटीला विष आहे, हे त्यांनी मला बजावले होते. मिठाचे घालावे, तर त्यांचे एक वाक्य आठवले: "पाणी उडते विहीणबाई, मीठ उडत नाही." म्हणजे उरलेले पाणी घटकेघटकेला अधिक खारट होत होते, आणि त्याला हवे होते गोडे, शुद्ध पाणी. घरातले शुद्धीकरण यंत्र विजेशिवाय बंद. आणि तेव्हा मला निळा ड्रम आठवला. त्यात त्यांनी शुद्ध करून साठवलेले गोडे पाणी होते, हे मला त्या क्षणी समजले. जास्वंदीखालची माती एव्हाना वाळूनही गेली होती.

गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे. तिथे लग्न होते. अनोळखी माणसाजवळ काही मागणे मला आयुष्यात जमलेले नाही, पण मी डोक्यावर पदर घेऊन उन्हात गेले आणि दाराशी रचलेल्या थंड पाण्याच्या कॅनांकडे बोट दाखवून व्यवस्थापकाला विचारले, हे पाणी शुद्ध केलेले आहे का, आणि असेल तर एक कॅन माशांसाठी मिळेल का. तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, मासे पोराकडचे की पोरीकडचे?" मी म्हटले, वरमाईचे आहेत. त्याने कॅन स्वतःच घरापर्यंत आणून दिला. ते पाणी एकदम ओतले तर धक्क्याने सगळेच गेले असते. मी एकेका मगाने, मध्ये थांबत, रेषा जागेवर येईपर्यंत ओतत राहिले. संध्याकाळी वीज आली. कललेला मासा सरळ झाला, प्रवाळ मात्र मिटलेलेच होते. ते दोन दिवसांनी उमलले, तोवर मला घास गोड लागला नाही.

हे त्यांना सांगू नये, असे मी ठरवले होते, पण त्यांनी दवाखान्यातल्या भेटीत पहिलाच प्रश्न ड्रमविषयी केला. तुम्ही 'टाकून द्या' म्हणालात, म्हणून टाकून दिले, असे मी म्हणाले. त्यांनी नाकावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला केला. "अहो, पेटीत टाकून द्या! फेकून द्या म्हटलं का मी?" आणि त्या इतक्या हसल्या की परिचारिका धावत आली. माझ्या भाषेत टाकून देणे म्हणजे फेकणे, त्यांच्या भाषेत टाकून देणे म्हणजे घालणे, भर घालणे. एवढे आयुष्य शब्दांच्या सोबतीने काढून मला ते ठाऊक नव्हते.

शेवटच्या भेटीत हसण्याइतका श्वास उरला नव्हता. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले. आजवर आम्ही एकमेकींना तुम्हीच म्हणत आलो होतो. त्या दिवशी मुखवट्याआडून त्या म्हणाल्या, "माझ्यामागं... ते... टाकून दे वं." काय, कोणत्या अर्थाने, हे विचारण्याआधीच मला बाहेर नेण्यात आले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन काही आठवडे झाले. सुजात आणि मुग्धा दिवसभर बाहेर असतात. पेटी ठेवायची तर मी इथे राहायला हवे, आणि रत्नागिरीचे माझे घर कुलपात आहे. धरमपेठेतले एक हौशी गृहस्थ येत्या रविवारी सगळे न्यायला तयार आहेत. काल सुजातने विचारले, आई शेवटी काही बोलली होती का? मी अजून उत्तर दिलेले नाही. मी कसे ऐकते, हे त्यांना तेव्हा पक्के ठाऊक होते. माझ्यासाठी म्हणून त्या माझ्या भाषेत बोलल्या असतील, तर मला मोकळे करून गेल्या. स्वतःच्याच भाषेत बोलल्या असतील, तर...

निळा ड्रम भरलेला आहे. पाण्याचा मग पेटीच्या कडेला, त्यांनी ठेवला होता तिथेच असतो. जांभळ्या प्रवाळाने आज मागच्या काचेवर एक नवा, मुगाएवढा कोंब धरला आहे. नागपूरच्या वाचकांनो, तुमच्या घरातले माणूस जाताजाता 'टाकून दे वं' म्हणाले असते, तर तुम्ही काय केले असते?